काळ्या शाईतला टॅरोट: ७८ पत्त्यांचा कॅट हाताने कसा काढावा

टॅरोट म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते; त्याच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. ते सगळे एकाच हाताने, एकाच काळ्या शाईने आणि रंगाचा आधार न घेता काढायचे ठरवले की दोन प्रश्न लगेच समोर येतात. रंग नसताना पत्ता चटकन ओळखू कसा यावा, आणि शेवटचा पत्ता पहिल्या पत्त्याच्याच घरातला कसा दिसावा? या दोहोंची उत्तरे कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ठरवली, तर पुढचे काम बहुतेक चिकाटीचे उरते. ती ठरवली नाहीत, तर विसाव्या पत्त्याच्या आसपास संच विस्कटू लागतो. जळगावात राहून, नोकरी सांभाळून असा एक कॅट पूर्ण करायला मला पावणेतीन वर्षे लागली. त्या कामातून जे हाती आले, ते येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम रचना समजून घ्यावी. ७८ पैकी २२ पत्ते मोठे, म्हणजे मेजर अर्काना. त्यांत शून्य क्रमांकाच्या भोळ्या भटक्यापासून एकविसाव्या विश्वापर्यंतची चित्रे येतात. उरलेले ५६ पत्ते लहान, म्हणजे मायनर अर्काना. त्यांचे काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी असे चार गट पडतात. प्रत्येक गटात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि सेवक, घोडेस्वार, राणी व राजा असे चार चित्रांचे पत्ते असतात. क्रमांकांबाबत एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय परंपरेत आठवा पत्ता न्यायाचा आणि अकरावा शक्तीचा आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या संचात आर्थर एडवर्ड वेट यांनी ही दोन्ही स्थाने अदलाबदल केली. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत चालते, पण अर्धे काम झाल्यावर मत बदलले की आकडे खोडावे लागतात, आणि काळ्या शाईतला आकडा नीट खोडता येत नाही.

त्या १९०९ च्या संचाची चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्यांचे मोठे काम असे की लहान पत्त्यांवर नुसत्या पाच काठ्या किंवा सात पेले न मांडता त्यांनी प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग उभा केला. त्याआधी पंधराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या सोला-बुस्का संचात लहान पत्त्यांवर माणसे दिसतात, परंतु स्मिथ यांच्यानंतर ती रीतच पडली. आपला कॅट काढणाऱ्याने त्यांची रेघ अवश्य अभ्यासावी. रंग बाजूला केला तर खाली शाईची स्वच्छ, जाड-बारीक होत जाणारी रेघ आहे आणि चित्र तिच्यावरच उभे आहे. त्याही आधी युरोपातील छापील टॅरोट लाकडी ठोकळ्यांवरून काळ्या रेघेत उमटवून मग साच्यातून रंगवत असत. म्हणून काळा-पांढरा टॅरोट हा अपुरा, रंगवायचा राहून गेलेला टॅरोट आहे असे मानण्याचे काही कारण नाही. स्मिथ १९५१ साली वारल्या. आपल्याकडील कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्यांच्या मांडणीवरून अभ्यास करायला अडचण नाही. मात्र आजच्या चित्रकारांचे संच समोर ठेवून गिरवू नयेत.

अंधार कुठून आणावा

गडद शैली म्हटली की कवट्या, वटवाघळे, टोकदार मनोरे आणि काळे झगे डोळ्यांसमोर येतात. असे संच बाजारात भरपूर आहेत आणि त्यांतील कित्येक उत्तम आहेत, पण त्यांतला अंधार दुसऱ्या मुलखातला आहे. तो उसना घेतला तर हात त्याला ओळखत नाही आणि दहाव्या पत्त्यानंतर सुचेनासे होते. माझे स्पष्ट मत असे आहे की आपण ज्या काळोखात चाललो आहोत, तोच काढावा. खानदेशात त्याची कमतरता नाही. भर दुपारी केळीच्या बागेत शिरले की चार पावलांवर ऊन संपते आणि पानांच्या फटींतून पडलेल्या पांढऱ्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात उन्हातून आत आल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, मग हळूहळू कणगीची कड उजळते. अमावास्येच्या रात्री काळ्या रानात माती आणि आकाश यांची सीमा कळत नाही. या तिन्ही अंधारांचा पोत वेगवेगळा आहे आणि चित्रकाराला तो फरक उपयोगी पडतो.

प्रसंगांचे स्थलांतरही याच रीतीने करावे. काठ्यांच्या दश्शीत एक माणूस दहा काठ्यांचा भार छातीशी कवटाळून वाकून चाललेला असतो. माझ्या कॅटमध्ये ती पऱ्हाट्यांची मोळी आहे, कारण कापूस संपल्यावर वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, आणि मोळीखालून चेहरा जवळजवळ दिसत नाही हे मला ठाऊक आहे. मनोऱ्याच्या पत्त्यावर मी जुन्या जिनिंगचे बंद पडलेले धुराडे घेतले आणि त्याच्या माथ्यावर वीज पाडली. नाण्यांच्या पंजीत दोन निर्धन माणसे बर्फातून चालतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण जानेवारीत पहाटे हाडे गोठवणारी थंडी पडते, म्हणून तेथे शेकोटीच्या उजेडाबाहेर राहिलेली दोन माणसे आली. प्रसंग बदलला तरी पत्त्याचा अर्थ, म्हणजे उबेच्या इतके जवळ असूनही ती न मिळणे, ढळता कामा नये. स्थलांतर करताना हीच एक कसोटी लावावी.

प्रकाशाचा अभ्यास घरीच होतो. रात्री खोलीतील दिवे घालवून टेबलावर एक तांब्या, एक लिंबू, एक काडेपेटी मांडावी, एकच दिवा बाजूला ठेवावा आणि तो वर-खाली करत सावल्या पाहाव्यात. चाळीसगावचे केकी मूस यांनी घरातल्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर प्रकाश योजून निसर्गदृश्यांची छायाचित्रे घेतली. चाळीसगावला त्यांच्या राहत्या घराचे कलादालन झाले आहे. काळ्या-पांढऱ्यात काम करणाऱ्या खानदेशातील माणसाने तेथे एकदा तरी दोन तास घालवावेत. दिवा एका बाजूने आला की वस्तूची एक कड उजळते आणि बाकीचे अंग अंधारात विरते, हे चित्र पाहून जितके उमजते तितके वाचून उमजत नाही.

दोन गोष्टी मात्र काढू नयेत, असे मी आग्रहाने सांगते. पहिली म्हणजे डाकीण. सातपुड्यातील पाड्यांमध्ये बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या, जीव घेतल्याच्याही घटना घडल्या आहेत, आणि २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावरही तो धाक पूर्णपणे गेलेला नाही. विस्कटलेल्या केसांची, भेसूर डोळ्यांची म्हातारी तलवारींच्या राणीवर किंवा पुजारिणीच्या पत्त्यावर बसवणे सोपे असते, परंतु ज्या मुलखात त्या चित्राची किंमत खऱ्या बाया मोजतात, तेथे ते काढणे मला पटत नाही. दुसरी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील काठी या गावच्या राजवाडी होळीत अंगावर ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप बांधून नाचणारे आदिवासी. काळ्या-पांढऱ्यात ती आकृती विलक्षण दिसते आणि सैतानाच्या पत्त्यासाठी तिचा मोह होतो. पण ते नवस फेडणारे, व्रत पाळणारे लोक आहेत. त्यांचे रूप सैतानाला देण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या सैतानाच्या पत्त्यावर सावकाराची चोपडी, तिच्यावर ठेवलेला हात आणि अंगठ्याला लागलेली शाई एवढेच आहे.

गट ओळखू कसे यावेत

आपल्याकडे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची परंपरा सावंतवाडीच्या गंजिफाने जपली आहे. दशावतारी गंजिफात दहा गटांचे प्रत्येकी १२ असे १२० गोल पत्ते असतात, आणि चिन्हाबरोबरच मागच्या रंगाने गट ओळखता येतो. आपल्याजवळ रंग नाही, म्हणून त्याचे काम पोताकडे सोपवावे. मी प्रत्येक गटाला एकच प्रकारची भर दिली. काठ्यांच्या पत्त्यांत सगळ्या छाया उभ्या समांतर रेघांनी केल्या, पेल्यांच्या पत्त्यांत पाण्यावरच्या लहरींसारख्या वळणाऱ्या रेघांनी, तलवारींच्या पत्त्यांत एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या जाळीने आणि नाण्यांच्या पत्त्यांत केवळ ठिपक्यांनी. मोठ्या २२ पत्त्यांना हे बंधन नाही. त्यांत चारही प्रकार येतात, आणि त्यामुळेच ते हातात आले की वेगळे वाटतात. हा नियम एकदा पाळला की पंख्यासारखे धरलेले पत्ते नुसत्या कडेवरून ओळखू येतात. नाण्यांचा गट सर्वांत वेळखाऊ ठरतो हे ध्यानात ठेवावे. ठिपक्यांनी भरलेल्या एका पत्त्याला मला पाच ते सहा संध्याकाळी लागत, तर उभ्या रेघांचा पत्ता दोन संध्याकाळींत होई.

यानंतर छोटी आराखडाचित्रे काढावीत, आणि या टप्प्यावर घाई अजिबात करू नये. दोन सेंटीमीटर रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर उंच असे ७८ चौकोन आखून प्रत्येकात जाड मार्करने फक्त तीनच छटा वापरून चित्र बसवावे: कोरा पांढरा, भरीव काळा आणि मधली रेघोट्यांची करडी. नाक, डोळे, बोटे यांना येथे जागा नाही. मग सगळे चौकोन भिंतीवर लावून हातभर अंतरावरून पाहावेत. जो पत्ता ओळखू येत नाही, तो मोठा करून, बारकावे घालूनही ओळखू येणार नाही; त्याची मांडणीच बदलावी. याच वेळी काळ्याचे प्रमाणही दिसते. माझ्या पहिल्या आराखड्यात जवळजवळ प्रत्येक पत्ता तीन-चतुर्थांश काळा होता आणि भिंतीवर तो सगळा एकच डाग वाटत होता. पेल्यांचे आणि सूर्य, तारा, सम्राज्ञी यांचे पत्ते मोकळे केल्यावरच तलवारींचा अंधार अंधारासारखा दिसू लागला.

साहित्य आणि माप

टॅरोटच्या पत्त्याचे प्रचलित माप ७० बाय १२० मिलिमीटर आहे. मूळ चित्र दीडपट, म्हणजे १०५ बाय १८० मिलिमीटरचे काढावे. लहान करताना हाताचा कंप आणि रेघेची खरखर झाकली जाते आणि काम करायला जागाही मिळते. ज्या पत्त्यांची पार्श्वभूमी कडेपर्यंत जाते, तेथे चारी बाजूंनी साडेचार मिलिमीटर जास्त काढावे, कारण लहान केल्यावर त्याचे तीन मिलिमीटर होतात आणि कापताना यंत्र थोडे सरकले तरी पांढरी कड उघडी पडत नाही. ए-फोर कागदाच्या अर्ध्या भागात असा एक पत्ता व्यवस्थित बसतो. म्हणजे ७८ पत्त्यांना ३९ कागद लागतात. बिघडणारे धरून ६० आणावेत आणि ते एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातले आणावेत, कारण वर्षभराने आणलेला कागद शाई वेगळी पितो.

कागद गुळगुळीत, २५० ग्रॅमच्या आसपासचा ब्रिस्टल किंवा तत्सम असावा. हातकागद दिसायला देखणा असला तरी त्याचे तंतू टाकाच्या, म्हणजे दौतीत बुडवून चालवायच्या लेखणीच्या, निबमध्ये अडकतात आणि रेघ फाटते. शाई जलरोधक काळी, बाटलीतली घ्यावी. ती फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, कारण तिच्यातील लाख वाळून पेन कायमचे बंद पडते. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून काढल्याशिवाय शाई निबला धरत नाही. ज्यांना टाकाची सवय नाही, त्यांनी ०.३ आणि ०.८ मिलिमीटरचे जलरोधक शाईचे पेन घ्यावेत. मोठे काळे भाग मात्र ब्रशनेच भरावेत. पेनने भरलेला काळा पट्टेरी दिसतो. दुरुस्तीसाठी पांढरा जेल पेन किंवा पांढरी गौश (अपारदर्शक जलरंग) जवळ असू द्यावी.

रेघांच्या जाडीचा हिशेब कागदावर लिहून समोर चिकटवावा. मूळ चित्रातली ०.३ मिलिमीटरची रेघ छापून ०.२ होते, आणि ०.१५ पेक्षा बारीक रेघ छपाईत तुटण्याची भीती असते. काळ्यातून राखलेली पांढरी रेघ त्याहून जाड हवी, कारण छापताना शाई पसरते आणि पांढरे गिळते. मूळ चित्रात अशी रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. जाळीदार रेघोट्यांमधील फटी निदान रेघेइतक्या रुंद असाव्यात, नाहीतर लहान झाल्यावर तो भाग भरीव काळा होतो.

हवेविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण हे काम आपल्या हवेत करायचे आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे निबच्या टोकावर शाई दौतीपासून कागदापर्यंत जाईस्तोवर घट्ट होते. दर दोन-तीन मिनिटांनी निब ओल्या कापडाने पुसावी आणि काम पहाटे पाच ते आठ या वेळात करावे. घामाने कागद डागाळू नये म्हणून तळहाताखाली स्वच्छ सुती कापड ठेवावे. कूलरसमोर मात्र बसू नये. मी एका उन्हाळ्यात तेच केले. त्या दमट वाऱ्याने कागदाला लाटा आल्या, शाई तंतूंतून फुटली आणि पेल्यांचे चार पत्ते पुन्हा काढावे लागले.

एक पत्ता जवळून

नववा पत्ता एकांतवासी बैराग्याचा. १९०९ च्या संचात एक म्हातारा हिमशिखरावर उभा राहून कंदील धरतो, आणि त्या कंदिलात सहा टोकांचा तारा आहे. आपल्याकडे रात्री एकट्याने दिवा घेऊन चालणारा माणूस म्हणजे शेतकरी. शेताची वीज रात्रीच्या पाळीला आली की गव्हाला पाणी भरायला त्याला उठून जावे लागते. माझा बैरागी म्हणून खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कंदील घेतलेला, बांधावर थांबलेला म्हातारा आहे. बॅटरी घेता आली असती, पण तिचा झोत एकाच दिशेला जातो. मला चारी बाजूंना पसरणारा उजेड हवा होता.

प्रथम बटर पेपरवर आराखडा मोठा करून तो फिकट पेन्सिलीने कागदावर उतरवला. मग कंदिलापासून कागदाच्या कडांपर्यंत पट्टीने अगदी पुसट रेघा ओढल्या, कारण प्रत्येक सावली त्या रेघांच्या दिशेनेच पडणार होती. शाई लावताना पहिला हात कंदिलाला न लावता चेहऱ्याला लावला. चेहरा फसला तर पत्ता वाया जातो, आणि असा पत्ता तासाभरात वाया गेलेला बरा, पाच दिवसांनी नव्हे. गालाची उजेडाकडची बाजू कोरी सोडली, नाकाच्या पलीकडची बाजू भरीव काळी केली, आणि मधे फक्त सात-आठ रेघा ओढल्या. घोंगडीचा पोत आखूड, तुटक रेघांनी दिला. पायाशी दांडातले पाणी होते. तेथे काळ्यात कंदिलाचे प्रतिबिंब म्हणून तीन आडव्या पांढऱ्या फटी राखल्या. आकाश सर्वांत शेवटी ब्रशने भरले. कंदिलाभोवती उजेडाचे वलय पांढऱ्या शाईने काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. वलयाच्या जागी बाहेर जाता-जाता दाट होत जाणाऱ्या रेघा ओढल्या की कोरा कागदच उजळतो. वरून लावलेला पांढरा त्यापुढे खडूसारखा मेलेला दिसतो.

राखलेल्या पांढऱ्याची खरी परीक्षा तेराव्या पत्त्यावर होते. मृत्यू तेथे पांढऱ्या घोड्यावर बसून येतो. घोड्यांचा अभ्यास करायला मी दत्तजयंतीच्या वेळी सारंगखेड्याच्या यात्रेला गेले. तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारात एका सकाळीच वहीची तीस पाने भरली, आणि उभ्या घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा मी आजवर चुकीचा काढत होते हे तेथे कळले. प्रत्यक्ष पत्त्यावर घोड्याच्या अंगात मी एकही रेघ ओढली नाही. डोळा, नाकपुडी आणि लगाम एवढेच काळे, बाकी कोरा कागद. भोवतीच्या काळ्या रानाने त्याचा आकार कोरून काढला. मार्सेय परंपरेत या पत्त्यावर बहुधा नाव लिहीत नसत, नुसता आकडा असे. मीही तसेच केले.

कोणता पत्ता आधी काढावा

शून्यापासून सुरुवात करू नये. पहिल्या दहा-पंधरा पत्त्यांत हात बसत असतो, रेघ अजून आपली झालेली नसते, आणि बघणाऱ्याची नजर तर मोठ्या पत्त्यांवरच जाते. काठ्यांची तिर्री, सत्ती, अठ्ठी अशा मधल्या पत्त्यांपासून आरंभ करावा, मग पेले, तलवारी, नाणी, नंतर सोळा चित्रांचे पत्ते, आणि शेवटी मोठे २२. ते संपल्यावर अगदी आधी काढलेले पाच-सहा पत्ते पुन्हा काढावेत. ते आपोआप परके दिसू लागलेले असतात. आठवड्याला दोन पत्ते असा नेम ठेवला तर ३९ आठवड्यांत कॅट पुरा होतो. माझा नेम लग्नसराईत आणि दिवाळीत मोडला.

शेवटून दुसरा मी निवाड्याचा पत्ता काढला. तेथे देवदूताच्या तुतारीने मेलेली माणसे शवपेट्यांतून उठतात. ती शवपेटी आपली नव्हे, म्हणून हा पत्ता बरेच महिने अडला होता. मग रानपिंगळा आठवला. १८८४ नंतर या लहानशा घुबडाचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नव्हता आणि तो नामशेष झाला असे समजत. १९९७ साली, ११३ वर्षांनी, तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत दिसला. त्याला शोधणाऱ्यांत पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन होत्या. एका पामेलाने घडवलेल्या रचनेत दुसऱ्या पामेलाला सापडलेला पक्षी बसला, याचा मला फार आनंद वाटतो. बहुतेक घुबडांप्रमाणे हा पक्षी निशाचर नाही, दिवसा शिकार करतो. त्यामुळे निवाड्याच्या पत्त्यावर सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो भर उजेडात बसला आहे, आणि पूर्ण कॅटमध्ये सर्वांत जास्त कोरा कागद याच पत्त्यावर आहे.

पाठ, छपाई आणि कापणी

सगळ्या पत्त्यांची पाठ एकच असते आणि ती उलटी केली तरी तशीच दिसली पाहिजे. टॅरोटमध्ये सुलटा आणि उलटा पत्ता यांचे अर्थ वेगळे लावतात. पाठीवरून दिशा कळली तर पत्ता उचलण्याआधीच तो उलटा आहे हे समजते. माझ्या पहिल्या छपाईत पाठीवर एकच सरळ बसलेला पिंगळा होता, आणि वीस संच छापून झाल्यावर ही चूक लक्षात आली. योग्य रीत अशी की पाठीचा वरचा अर्धा भागच काढावा, त्याची प्रत अर्धा फेरा फिरवून खाली जोडावी आणि मधला सांधा रेघांनी बुजवावा.

चित्रे मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपू नयेत. कडा वाकतात आणि काळा एकसारखा येत नाही. स्कॅनरवर ६०० डीपीआयला, करड्या छटांच्या पद्धतीत स्कॅन करावे. चित्र दीडपट असल्यामुळे छपाईच्या मापाला त्याचे ९०० होतात आणि बारीक रेघही स्वच्छ येते. नंतर गिम्पसारख्या मोफत प्रोग्राममध्ये थ्रेशोल्ड लावून करड्याचे शुद्ध काळे-पांढरे करावे, धुळीचे ठिपके एकेक करून काढावेत, आणि फाइल टिफमध्ये ठेवावी. जेपेगमध्ये रेघांच्या कडेला घाण जमते.

छापखान्यात जाताना सोबत एक नमुना पत्ता न्यावा आणि पूर्ण काम देण्याआधी एका शीटची चाचणी मागावी. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर वाढीव कडांसह १२ पत्ते बसतात, म्हणजे ७८ पत्त्यांना सात शीट लागतात आणि सहा जागा उरतात. त्यांत सर्वांत लवकर झिजणाऱ्या पत्त्यांच्या जादा प्रती घ्याव्यात. रेघा फक्त काळ्या शाईत छापायला सांगाव्यात. चारही शाया एकावर एक दिल्या तर काळा खोल येतो, पण शाया किंचित सरकल्या की बारीक रेघांना रंगीत सावली पडते. एका छापखान्याने न विचारता असे केले आणि माझ्या तलवारींच्या गटाला जांभळी कड आली. तेव्हापासून ही सूचना मी लेखी देते. कागद ३०० ग्रॅमचे आर्ट कार्ड घ्यावे. त्याचा कॅट लॅमिनेशनसह सुमारे अडीच सेंटीमीटर जाड होतो आणि मध्यम हाताला पिसता येतो. मॅट लॅमिनेशन डोळ्यांना शांत वाटते, परंतु भरीव काळ्यावर बोटांचे ठसे उमटतात, म्हणून चाचणीच्या शीटवर दोन्ही प्रकार लावून हाताळून पाहावेत.

कोपरे तीन मिलिमीटरच्या गोलाईचे कापून घ्यावेत. पंचिंगचे हातयंत्र असेल तर एका वेळी दोनच पत्ते घालावेत. काळी पार्श्वभूमी कडेपर्यंत नेली असेल, तर कापल्यावर कागदाचा पांढरा गाभा बाजूने दिसतो. त्यासाठी पूर्ण कॅट दोन पाट्यांमध्ये घट्ट आवळून बाजूंना काळ्या मार्करचा हात द्यावा, मार्कर जोरात न दाबता, नाहीतर शाई पत्त्यांच्या आत शिरते. रात्रभर तसेच आवळून ठेवावे. सकाळी पत्ते सुटे करून एकेक कड कोरड्या सुती कापडाने पुसावी, गटागटाने लावून ७८ मोजावेत, आणि मगच उरलेल्या कतरणीची पिशवी बाहेर टाकावी.